स्पॅमच्या डब्यातली वस्ती

हिरडीत सुई टोचली की भूल चढायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात पुंडलिकनगरातल्या आमच्या डॉक्टरबाई हातमोजे काढायच्या, स्टूल फिरवून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं वळायच्या आणि आमच्या मेलिंग लिस्टच्या दारात अडकलेला कचरा निवडायला बसायच्या. पेशंट तोंड उघडं टाकून वरच्या दिव्याकडं बघत पडलेला असायचा. बाई मोठ्यानं वाचायच्या, "अभिनंदन. परदेशातल्या लॉटरीत आपला नंबर लागला आहे. घ्या काका, आता सोन्याचा दात बसवू." काकांना हसायचं असायचं, पण अर्धा ओठ बधिर झालेला. घशातून नुसता घुर्र असा आवाज यायचा.

"काका हसले," बाई मला सांगायच्या. "म्हणजे भूल अजून चढली नाही. वाच पुढची."

मेलिंग लिस्ट म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, कारण सगळी जनता मोबाइलवरच्या ग्रुपांत राहायला गेली. लिस्टचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एकानं मेल पाठवली की यादीतल्या सगळ्यांच्या पेटीत जाते. आमची लिस्ट पाण्याची होती. लागोपाठ दुष्काळ पडलेले, धरणाचा तळ दिसायला लागलेला, आणि गावोगावच्या टँकरची खरी हकिगत कचेरीतल्या कागदावर एक आणि विहिरीच्या काठावर दुसरी. ती दुसरी हकिगत लोकांनी लिस्टवर लिहायची. यादीत वार्ताहर होते, प्राध्यापक होते, निवृत्त अधिकारी होते, पुण्याला आणि अमेरिकेला गेलेली इथली पोरं होती, आणि एका तालुक्याच्या कचेरीतले एक कारकून होते. ते कधी एक ओळ लिहायचे नाहीत. फक्त वाचायचे, आणि कधीकधी एखाद्या गावाचा अडलेला टँकर गुपचूप सुटायचा.

या लिस्टचं दार डॉक्टरबाई राखायच्या. सभासद नसलेल्यानं मेल पाठवली, किंवा यंत्राला एखाद्या मेलीचा संशय आला, की ती दारातच अडकायची. बाईंनी ती आत सोडायची किंवा फेकायची. त्यांचा नियम एकच: न वाचता फेकायचं नाही. रोज ढिगानं स्पॅम यायचा आणि रोज त्या एकेक मेल उघडायच्या. केस उगवायचं तेल, घरबसल्या कमाई, कुठल्याशा राजघराण्यातल्या विधवेची तिजोरी. मला तेव्हा हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटायचा आणि मी तसं तोंडावर म्हणायचे. दवाखान्यात मी टायपिंगला मदत करायला जायचे, पण भांडायलाच जास्त.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. लिहायला शिकले ते पत्रकांवर. माझे मामा जयंतीची, मोर्चाची, धरण्याची पत्रकं काढायचे आणि प्रुफं मी वाचायचे. मामा सांगायचे, पत्रक वाचायला माणूस थांबत नसतो, चालताचालता त्याच्या डोळ्यात खुपसावं लागतं. मी खुपसायला शिकले. लिस्टवर आले त्या आठवड्यातच माझी एक मेल पोचली नाही म्हणून मी थेट दवाखान्यात गेले. बाहेर गाल सुजलेले लोक बसलेले. मी आत.

"माझी मेल कुणी अडकवली?"

बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "यंत्रानं. विषय वाच तुझा."

विषय होता: 'तातडीचे!!! शेवटची संधी!!! आताच जागे व्हा!!!'

"मग? तातडीचंच आहे ते."

"आहेच. पण तुझ्या खालचा माणूसपण तातडीचे म्हणतोय, शेवटची संधी म्हणतोय. तो टकलावरचं तेल विकतो."

"मॅडम, याला सेन्सॉरशिप म्हणतात."

"सेन्सॉर असते तर कात्री लावली असती. मी तुझा स्वल्पविरामसुद्धा हलवणार नाही. एवढंच सांग, पुढारीणबाई, यात गावाचं नाव कुठंय?"

मी बघितलं. शासन होतं, भांडवलदार होते, झोपलेला समाज होता. गावाचं नाव नव्हतं. बाईंनी मेल होती तशी सोडून दिली, एक अक्षर न बदलता. मला ते जास्त लागलं. कापली असती तर निदान दुसरं पत्रक काढता आलं असतं.

उद्गारचिन्हं मी सोडली नाहीत. आजही सोडलेली नाहीत. पण त्या दिवसापासून गावाचं नाव विषयात पहिलं टाकायला लागले.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मेली हातानं कशाला निवडायच्या, यंत्राला सांगून टाकायचं. आमच्यात असं म्हणणारे होतेच. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर काका. माणूस सज्जन, पण फिल्टर या शब्दावर त्यांचा फार जीव. एका रविवारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, किडलेल्या दाढेच्या भल्यामोठ्या चित्राखाली, त्यांनी आम्हाला सभेला बसवलं आणि शब्दांची यादी वाचून दाखवली. लॉटरी, कर्ज, मोफत, प्लॉट, बुकिंग, चोवीस तास. यातला एक जरी शब्द आला तरी यंत्रानं मेल आपोआप फेकायची.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "आज अडकलेल्या मेलींवर चालवून बघा."

काकांनी चष्मा पुसला आणि यादी चालवून बघितली.

ते दिवस शहराचेही होते हे लक्षात घ्या. खेड्यांत विहिरींचे तळ उघडे पडत होते आणि शहर मात्र चारी बाजूंनी सुटलं होतं. वेरूळच्या रस्त्याला, सिल्लोडच्या रस्त्याला, जिथं कालपर्यंत बाजरी होती तिथं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट. पुंडलिकनगरात नळाला पाणी कधी येईल याच्यावर लोकांची लग्नं ठरायची, आणि जाहिरातीत 'चोवीस तास पाणी, पोहण्याच्या तलावासह'. लाज वाटत नव्हती कुणाला. हे सगळे प्लॉटवाले, बोअर मारणारे, टँकर विकणारे, नारळ हातात धरून पाणी दाखवणारे आमच्या लिस्टवर मेली टाकायचे. परदेशी लॉटरीवाला परवडला. आमचा गावठी स्पॅम आमच्याच शब्दांत यायचा: पाणी, टँकर, विहीर, बोअर, दुष्काळ.

काकांच्या यादीनं 'बोअर मारून घ्या, पाण्याची खात्री' ही जाहिरात आत सोडली. आणि एका गावची मेल फेकली, कारण तिच्यात लिहिलं होतं की मोफतचा टँकर येत नाही म्हणून बाया चोवीस तास नंबर लावून बसतात. मोफत आलं, चोवीस तास आलं. मेल कचऱ्यात.

काकांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "शब्द वाढवावे लागतील."

"वाढवा की," बाई म्हणाल्या. "पण तोवर एक करू. यंत्राला पकडायचं तेवढं पकडू द्या. फेकायचं मात्र माझ्याकडं ठेवा."

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी तिथंच टाळी वाजवली. पकडायचा अधिकार पोलिसाला असतो, फाशी द्यायचा नसतो. काका माझ्याकडं असं बघायला लागले जसं काही मीच लॉटरी पाठवली होती. पण त्यांनी ऐकलं.

वस्तीची मेल आली ती यानंतर. विषयाची जागा कोरी. पाठवणाऱ्याचा पत्ता सिल्लोडच्या एका सायबर कॅफेचा. खाली कॅफेची जाहिरात आपोआप चिकटलेली: व्हिसा, तिकीट, कर्जाचे फॉर्म भरून मिळतील. कुठल्याही यंत्रानं डोळे मिटून फेकली असती. मी वाचायला घेतलेली, आणि तेवढी जाहिरात बघून पुढं जाणार, तर बाईंनी स्टूल सरकवून माझा हात माउसवरून उचलला.

मराठीच होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. 'आमी माळावरचे मेंढरंवाले. टँकर गावात येतं, विहिरीत रितं करून जातं. वस्तीवर येत नाय. गावातून पाणी भरू देत न्हाईत. सून बाळंतीण हाय म्हणून थांबलो, न्हाईतर कवाच उठलो असतो. कुणी वाचलं तर सांगा.'

खुर्चीत एक बाई भूल चढायची वाट बघत होत्या. डॉक्टरबाईंनी ही मेल मोठ्यानं वाचली नाही. खालच्या जाहिरातीतला नंबर फिरवला. एरवी ज्या ओळीमुळं मेल फेकली गेली असती त्याच ओळीतून त्यांनी माणूस गाठला. कॅफेवाले चाचा फोनवर म्हणाले, "हौ मॅडम, मामू अब्बीच आए थे. चा पी रै ना सामने. देऊं क्या?"

आणि लांबून एक जाड आवाज. "कोन?"

"तुमचं पत्र वाचलं मी. औरंगाबादहून बोलतेय." तेव्हा शहराचं नाव तेच होतं.

"वाचलं व्हय?" तो माणूस खराच चकित झाला. "ह्यो म्हनला लिव्हू का, म्या म्हनलं लिव्ह बाबा, कोन वाचतंय. कवा येतंय टँकर?"

"टँकर माझ्या हातात नाही, दादा. पण ज्यांच्या हातात आहे त्यांच्या पेटीत तुमचं पत्र आता टाकते."

"पेटीत टाकू नगा बाई. पेटीत टाकल्यालं लई बघितलं आमी. हातात द्या कुनाच्या तरी."

बाईंनी गावाचं नाव, वस्तीचं ठिकाण, टँकरची वेळ सगळं विचारून घेतलं. विषयाच्या कोऱ्या जागी गाव घातलं, खाली त्यांची मेल जशीच्या तशी. आणि उत्तरं परत त्यांना मिळावीत म्हणून कॅफेचा पत्ता यादीत घालून टाकला. मग हातमोजे चढवले आणि त्या बाईंची दाढ काढली.

उत्तर आलं नाही. एकाचंही नाही.

मला आधी वाटलं वेळ लागेल. मग वाटलं लोक निबर झालेत. मी पेटले. वस्तीवर मेलीवर मेल लिहायला लागले, 'तुमच्या पोहण्याच्या तलावात एका बाळंतिणीचं पाणी आहे!' अशा. एक दिवस एसटीनं जाऊनही आले. माळावर चार-पाच पालं, गोठ्यासारखं एक पत्र्याचं शेड आणि त्यात ती सून, पोराला पदराखाली घेऊन. सासरे म्हणजे फोनवरचे दादा. माझ्यासमोर टँकर खालच्या गावातनं रिता होऊन धूळ उडवत परत गेला. दादा त्याच्याकडं बोट करून म्हणाले, "बघ. आमचं पानी चाललं." आणि मग मला विचारलं, "त्या बाईनं दिलं का कुनाच्या हातात?" मी म्हणाले, दिलंय, सगळ्यांना दिलंय. ते म्हणाले, पोराला घेऊन उन्हात निघायचं म्हणजे जिवावरचं काम, पण मेंढरं मरायला लागली तर निघावंच लागणार.

परत आले ती सरळ दवाखान्यात. खुर्चीत एक वार्ताहर. आमच्या लिस्टवरचेच, दुष्काळावर चांगलं लिहिणारे. बाईंनी नुकतीच सुई टोचली होती. मी काही बोलायच्या आत बाईंनीच विचारलं, "काय हो, माळावरच्या वस्तीचं का नाही छापलंत?"

"कुफली वफ्ती?"

"फिरकी घेऊ नका. मी स्वतः सोडलीय मेल."

वार्ताहर खरंच गोंधळले होते. मला राग आला होता, बाईंना नाही आला. त्यांनी स्टूल बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "उठा. इथं बसा. तुमची पेटी उघडा. पासवर्ड टाका, मी पाठ फिरवते."

गळ्यातल्या त्या निळ्या कागदी रुमालासकट ते कॉम्प्युटरसमोर बसले. पेटी उघडली. आमच्या लिस्टची एकही मेल नाही. कित्येक आठवड्यांची नाही. बाई म्हणाल्या, "आता स्पॅमचा डबा."

त्यात आम्ही होतो. वर लॉटरी, खाली टकलाचं तेल, मध्ये माळावरची वस्ती. मध्ये सगळी गावं. आणि माझी सगळी पत्रकं, लालभडक उद्गारचिन्हांसकट.

"हे इथं कसं आलं?" बाईंनी विचारलं.

वार्ताहर गळ्यातला रुमाल सारखा करायला लागले.

"दाबलंत ना? 'हे स्पॅम आहे' म्हणून?"

"एकदाफ, मॅडम." मग माझ्याकडं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत, "ही पोरगी रोफ पाफ पाफ मेली..."

"मग नाव कमी करून घ्यायचं. प्रत्येक मेलीच्या खाली लिहिलेलं असतं कसं करायचं ते."

"तफं कफं? नाव काढलं की तुम्हाला कळतं. मग इथं येऊन तोंड कफं उघडायचं?"

मला हसावं की हाणावं कळेना. बाईंनी मात्र फोन उचलला आणि एकेकाला विचारायला लागल्या. प्राध्यापक: हो, एकदा दाबलं होतं, वाईट वाटून घेऊ नका. बँकेतले साहेब: बायकोनं दाबलं असेल. पुण्याचा पोरगा: सॉरी मॅडम. कुणी सोडून गेलं नव्हतं. आपल्याकडं पंगतीतून मधेच कुणी उठत नाही. नको असलेला पदार्थ पानाखाली सारायचा आणि वाढणारी आली की हात जोडून छान झालंय म्हणायचं. तसं या सगळ्या सभ्य माणसांनी आमची लिस्ट पानाखाली सारली. त्यांना वाटलं हे आपलं खाजगी बटण आहे, कुणाला कळतंय. पण ज्या कंपनीकडं या सगळ्यांच्या पेट्या होत्या ती सगळ्यांची बटणं मोजत होती. इतके लोक म्हणतात स्पॅम, तर स्पॅमच असणार. मग तिनं ज्यांनी बटण दाबलं नव्हतं त्यांच्याकडंही आम्हाला सरळ डब्यात टाकायला सुरुवात केली. त्या कारकुनाच्या डब्यातसुद्धा.

मी तिथंच बसून निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. मथळा झालासुद्धा.

"लिही," बाई म्हणाल्या. "आणि पाठवशील कुठं? त्याच डब्यात?"

वार्ताहर परत खुर्चीत जाऊन पडले होते. तिथून आवाज आला, "मॅडम, माझी भूल उतरतेय."

त्यांची दाढ काढून झाल्यावर बाईंनी इंजिनिअर काकांना बोलावून घेतलं. "त्या दादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पेटीत टाकू नका, हातात द्या. मीच ऐकलं नाही. आता घरोघर जायचं."

हे मला कळत होतं. घरोघर जाणं म्हणजे माझं माहेर. काकांची स्कूटर आणि मागं मी. बाई दवाखान्यातून फोन लावायच्या, की आमचे दोघं येतायत, पाणी नका देऊ, पेटी उघडून ठेवा. एकेका घरात जायचं, स्पॅमचा डबा उघडायला लावायचा, आमची मेल शोधायची, 'हे स्पॅम नाही' दाबायला लावायचं. बाईंचा एक हट्ट होता. नुसतं बटण दाबून उठायचं नाही. त्या माणसाकडून वस्तीची मेल तिथंच, आपल्यासमोर, मोठ्यानं वाचून घ्यायची.

मला वाटलं होतं लोक वैतागतील. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वाचायला सुरुवात केली, "आमी माळावरचे मेंढरंवाले," आणि 'सून बाळंतीण हाय' इथं आले आणि थांबले. आतून त्यांच्या मंडळी बाहेर आल्या. "थांबलात का? वाचा ना पुढं." त्यांनी पुढं वाचलं. मग आमच्यासमोरच मुंबईत मंत्रालयात असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. दुसऱ्या घरात एक गृहस्थ म्हणाले, मी कधी असलं बटण दाबलेलंच नाही. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्ही पंचनामा करायला आलो नाही. डबा उघडा." आणि मला तिथंच समजलं की या माणसानं इतकी वर्षं पाटबंधाऱ्यात कसं निभावलं असेल. तोंड मी चालवायचे, दार ते उघडून घ्यायचे. स्कूटरवर परत येताना म्हणाले, "फिल्टर चांगलाच होता माझा. पण हे असलं त्याला जमलं नसतं."

कारकुनाकडं मात्र बाई स्वतः गेल्या. मी बरोबर होते. त्यांना बघून त्या गृहस्थांचा चेहरा पडला. वर्षापूर्वीची अर्धवट राहिलेली दाढ त्यांना आठवली असावी. बाई म्हणाल्या, "दातासाठी नाही आले. आणि तुमचं काही चुकलंही नाही. डबा तेवढा उघडा." त्यांनी उघडला. वाचलं. एकदा, परत एकदा. मग सांगितलं की वस्तीचं नाव टँकरच्या प्रस्तावात कुठंच नाही, तिची माणसं गावाच्या आकड्यात मोजलेली आहेत, म्हणून टँकर गावात रिता झाला की कागदावर वस्तीला पाणी मिळालं. "वेगळी खेप मागून घेता येते," ते म्हणाले. "कुणी सांगितलंच नाही."

मी म्हणाले, "सांगितलं होतं. तुमच्या डब्यात पडलंय इतके दिवस."

बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. डॉक्टरचा पाय, नेमका नखावर.

वार्ताहरांनी गाल सुजलेला असतानाच बातमी लिहिली. कारकुनांनी कागद वर सरकवला. वस्तीला वेगळी खेप लागली.

आम्हाला हे कळलं ते असं. खुर्चीत एक आजोबा, भूल चढतेय. बाई निवडतायत. मी शेजारी. अडकलेल्यांत एक मेल, विषय मोठ्या इंग्रजी अक्षरांत: 'CONGRATULATION'. लॉटरी. मी म्हणाले, फेका. चिडूनच म्हणाले.

"न वाचता?" बाई म्हणाल्या आणि उघडली.

पत्ता सिल्लोडचा. खाली व्हिसा, तिकीट, कर्जाचे फॉर्म. विषय चाचांनी त्यांच्या मनानं घातलेला असणार. आणि मजकूर: 'पानी आलं. वस्तीवर आलं. ताडपत्री टाकून खड्ड्यात घेतलं. सून, पोरगं बरी हायेत. आमी थांबलो. आता आमचं नाव कमी करा. रोज लई पत्रं येत्यात, चाचा बोलतो. राग मानू नका.'

डॉक्टरबाई हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मागं रेलून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आजोबांना काही कळेना, ते बधिर ओठानं बाईंकडं बघतायत.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "एवढं शहाणं शहर. सगळे शिकलेले. आणि 'नाव कमी करा' म्हणायची हिंमत एकट्या या माणसाला झाली."

त्यांनी कॅफेचा पत्ता यादीतून स्वतः काढला. मग ती मेल होती तशी लिस्टवर सोडली, CONGRATULATION या विषयासकट. त्या आठवड्यात आमच्या अनेक सभ्य सभासदांनी कळवलं की आमचंही नाव कमी करा, राग मानू नका. बाईंनी प्रत्येकाला उत्तर दिलं, मानला नाही, दात दाखवायला या. यादी लहान झाली. पण त्यानंतर आमच्या मेली पोचायला लागल्या, आणि उत्तरं यायला लागली.

मी आता कामाला जाते तिथंही यंत्रं मेली निवडतात, आणि फेकलेलं कुणी उघडून बघत नाही. मी विचारलं की सांगतात, प्रणाली फार अचूक आहे. मग मी तो डबा उघडते आणि वाचत बसते, आणि लोक मला चक्रम समजतात.

त्या दिवशी आजोबांनी गालाला हात लावला आणि काहीतरी पुटपुटले. बाईंनी डोळे पुसले, हातमोजे चढवले, दिवा ओढला.

"चढली का? आ करा."

आजोबांनी आ केला.